हलता मुक्काम, परवडणारे इंटरनेट

विमानतळावर उतरताच समोर दिसलेल्या पहिल्या खिडकीवरून घेतलेले सिमकार्ड, खोलीतले वाय-फाय चालत नाही म्हणून रात्री उशिरा चालू केलेले रोमिंग आणि दुसऱ्या दिवशीची बैठक चुकू नये म्हणून भरलेला सर्वांत मोठा डेटा पॅक, या तिन्ही खर्चांचे मूळ एकच असते : इंटरनेटची सोय गरज पडल्यावर शोधली गेली. हेच काम निघण्यापूर्वीच्या एखाद्या निवांत संध्याकाळी केले, तर खर्च बराच कमी होतो आणि मनस्तापही टळतो. त्यासाठी तीन गोष्टी कराव्या लागतात. आपली गरज आकड्यांत मोजावी, जिथे राहायचे आहे तिथली परिस्थिती आधी तपासावी आणि एकमेकांवर अवलंबून नसलेले किमान दोन मार्ग हाताशी ठेवावेत.

आधी गरज मोजावी

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण त्यासाठी आधी पायांची लांबी ठाऊक हवी. बहुतेकांना आपण महिन्याला किती डेटा वापरतो हे सांगता येत नाही, कारण घरी सगळा वापर वाय-फायवर होतो आणि फोनच्या सेटिंगमध्ये जो आकडा चटकन दिसतो तो केवळ मोबाइल डेटाचा असतो. म्हणून फोनवरचा वाय-फायचा वापर वेगळा उघडून पाहावा आणि संगणकावरचा आकडा त्यात मिळवावा. विंडोजमध्ये मागील ३० दिवसांचा वापर सेटिंगमध्ये दिसतो. आयफोनवर मोबाइल डेटाचा हिशेब शेवटचा शून्य केल्यापासून पुढे चालत राहतो, त्यामुळे महिन्याच्या पहिल्या तारखेला तो आपण होऊन शून्य करावा लागतो.

पुढचे गणित सोपे आहे. एखाद्या कामाला लागणारा वेग मेगाबिट प्रतिसेकंदात धरला आणि त्याला ०.४५ ने गुणले, की तासाला किती जीबी खर्च होतील ते कळते. झूमवर दोघांमधील ७२० पिक्सेलच्या संभाषणासाठी जाताना आणि येताना प्रत्येकी सुमारे १.२ मेगाबिटचा वेग लागतो, म्हणजे दोन्ही मिळून तासाला साधारण १.१ जीबी. तेच संभाषण केवळ आवाजावर केले तर दर दिशेला ६० ते ८० किलोबिट पुरतात आणि तासाचा खर्च ५४ ते ७२ एमबीपर्यंत खाली येतो. नेटफ्लिक्सवर साध्या दर्जाचे चित्र तासाला १ जीबीपर्यंत, एचडी चित्र ३ जीबीपर्यंत आणि ४के चित्र ७ जीबीपर्यंत डेटा घेते. या आकड्यांवरून एक गोष्ट स्पष्ट होते, की मजकूर, ईमेल, नकाशे आणि कागदपत्रे यांचा खर्च नगण्य असतो, तर हलते चित्र हाच खरा खादाड असतो. कामाच्या दिवसांत रोज दोन तास चित्रासह बैठका करणाऱ्याला महिन्याला बैठकांसाठीच सुमारे ५० जीबी लागतील. कॅमेरा बंद ठेवण्याची मुभा असेल तर त्याच माणसाचे काम ४ जीबीत भागेल.

वेगाच्या बाबतीत मात्र अनेक जण उलटी चूक करतात आणि गरजेपेक्षा फार मोठा आकडा मागतात. एका माणसाच्या बैठकांना खाली येणारे ५ मेगाबिट आणि वर जाणारे ३ मेगाबिट सहज पुरतात, परंतु ते सलग मिळायला हवेत. जाहिरातीत ठळक असतो तो खाली येणाऱ्या डेटाचा वेग. बैठकीत आपला चेहरा गोठतो तो वर जाणारा वेग अपुरा पडल्यामुळे, म्हणून विचारताना दोन्ही आकडे विचारावेत.

ठिकाणाची चौकशी कशी करावी

मोबाइल कंपन्यांचे व्याप्तीचे नकाशे बहुधा संगणकीय अंदाजावर बेतलेले असतात आणि ते मोकळ्या जागेतील स्थिती दाखवतात. जाड भिंतींच्या आत किंवा डोंगराच्या पलीकडच्या उतारावर काय मिळेल हे त्यांतून कळत नाही. ओपनसिग्नल, एनपर्फ आणि सेलमॅपर या रेंजची माहिती देणाऱ्या सेवांवरील नोंदी प्रत्यक्ष वापरकर्त्यांच्या फोनवरून गोळा झालेल्या असतात, म्हणून त्या अधिक उपयोगी पडतात. जिथे माणसेच थोडी तिथे नोंदीही थोड्या असणार, हे मात्र ध्यानात ठेवावे. सेलमॅपरवर कोणत्या टॉवरवर कोणती वारंवारता चालते हेही पाहता येते आणि दूरच्या मुक्कामासाठी ही माहिती फार मोलाची ठरते. ६०० ते ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. त्याहून वरच्या लहरींवर वेग चांगला मिळतो, पण त्यांचा पल्ला कमी असतो. ग्रामीण भागासाठी युरोपात ८०० मेगाहर्ट्झचा बँड (म्हणजे वारंवारतेचा पट्टा) २०, आशिया-पॅसिफिक आणि लॅटिन अमेरिकेत ७०० मेगाहर्ट्झचा बँड २८ आणि अमेरिकेत ६०० मेगाहर्ट्झचा बँड ७१ महत्त्वाचा आहे. आपल्या फोनमध्ये किंवा राउटरमध्ये तिथला बँड नसेल, तर शेजाऱ्याच्या फोनवर पूर्ण रेंज असतानाही आपला फोन मुका राहू शकतो.

जुन्या फोनवाल्यांनी आणखी एक गोष्ट तपासावी. अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी २०२२ मध्ये आपली ३जी जाळी बंद केली आणि इतर अनेक देशांतही तसे झाले आहे किंवा होत आहे. अशा ठिकाणी २जीही उरले नसेल, तर ४जीवरून बोलण्याची सोय नसलेल्या फोनवर डेटा चालला तरी साधा कॉल लागत नाही.

घर किंवा खोली भाड्याने घेताना "वाय-फाय आहे का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचे उत्तर नेहमी "आहे" असेच येते. जोडणी फायबरची आहे, टेलिफोनच्या तारेची आहे, की मोबाइल सिमवर चालणारी आहे, हे विचारावे. राउटर कोणत्या खोलीत आहे आणि ती जोडणी किती बिऱ्हाडे वापरतात, हेही विचारावे. शेवटी, ज्या खोलीत टेबल आहे तिथे बसून रात्री आठ-नऊच्या सुमारास घेतलेल्या वेगचाचणीचे छायाचित्र मागावे, कारण सकाळी सुसाट पळणारी जोडणी संध्याकाळी सगळे घरी परतल्यावर रांगत असते. मी स्वतः एकदा हे न विचारता महिनाभराचे भाडे आगाऊ भरले होते. वाय-फाय खरोखरच होते, पण ते मालकाच्या घरात होते आणि माझ्या खोलीपर्यंत त्याचे केवळ नाव पोहोचत होते.

सिमकार्ड, ई-सिम आणि रोमिंग

दोन-तीन दिवसांच्या प्रवासात आपल्याच सिमचा रोमिंग पॅक सोयीचा असतो, आठवडा-दोन आठवड्यांसाठी प्रवासी ई-सिम, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचे सिम, बरे पडते आणि त्याहून लांबच्या मुक्कामात स्थानिक सिमइतके स्वस्त बहुधा काहीच नसते. हा ढोबळ नियम झाला. त्याला अपवाद आहेत, त्यांतला सर्वांत मोठा युरोपीय संघाचा. तिथल्या सदस्य देशांत १५ जून २०१७ पासून रोमिंगचा जादा आकार रद्द झाला असून एका देशाचे सिम दुसऱ्या सदस्य देशात घरच्याच दराने चालते. मात्र ही सवलत प्रवाशांसाठी आहे. चार महिन्यांच्या काळात आपला मुक्काम आणि वापर दोन्ही परदेशातच अधिक दिसले, तर कंपनी विचारणा करून जादा आकार लावू शकते. स्वित्झर्लंड या व्यवस्थेत नाही, त्यामुळे रेल्वेने सीमा ओलांडताना अनेकांचे बिल नकळत फुगते.

प्रवासी ई-सिम घेताना फोन ते चालवू शकतो का हे प्रथम पाहावे. डायल करण्याच्या जागी *#०६# टाकल्यावर आयएमईआय या फोनच्या ओळख क्रमांकासोबत ३२ अंकी ईआयडी दिसला, तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे असे समजावे. फोन एखाद्या कंपनीच्या सिमपुरताच बांधलेला (लॉक केलेला) असेल तर तो दुसऱ्या कंपनीचे सिम, मग ते प्लास्टिकचे असो वा ई-सिम, स्वीकारणार नाही. तो खुला करून घेण्याचे काम घरी असतानाच उरकावे. ई-सिम फोनमध्ये उतरवून घेण्यासाठीही इंटरनेट लागते, म्हणून ते निघण्यापूर्वी घरच्या वाय-फायवर बसवावे. त्याची मुदत बसवल्यापासून सुरू होते की परदेशातील जाळ्याला पहिल्यांदा जोडल्यापासून, हे खरेदीपूर्वीच वाचून घ्यावे. एकदा बसवलेले ई-सिम फोनमधून काढून टाकले, तर तोच क्यूआर कोड बहुधा पुन्हा चालत नाही. तेव्हा अडचण आली तर ते पुसू नये, तात्पुरते बंद करावे.

या ई-सिमची एक मर्यादा विक्रीच्या पानावर ठळकपणे सांगितलेली नसते. त्यांपैकी अनेक सिम प्रत्यक्षात कुठल्या तरी तिसऱ्या देशातील कंपनीची रोमिंग सिम असतात आणि आपला सगळा डेटा त्या तिसऱ्या देशातून फिरून येतो. त्यामुळे वेग ठीक असला तरी प्रतिसादाला विलंब लागतो, बैठकीत दोघे एकाच वेळी बोलू लागतात आणि बँकेला आपण भलत्याच देशात आहोत असे वाटून व्यवहार अडवला जातो. नकाशा, संदेश आणि ईमेल यांसाठी हे सिम उत्तम आहे. रोजच्या बैठकांसाठी मात्र ज्याचा डेटा बाहेर न फिरता त्याच देशातून जातो, असे स्थानिक सिम घ्यावे.

शिवाय बहुतेक प्रवासी ई-सिमना फोन नंबर नसतो, म्हणून घरचे सिम फोनमध्ये चालू ठेवूनच बँकेचा ओटीपी मिळवावा लागतो. दोन सिमच्या फोनमध्ये घरच्या सिमचे डेटा रोमिंग बंद, मोबाइल डेटासाठी नवे सिम निवडलेले आणि गरजेप्रमाणे डेटाचे सिम आपोआप बदलण्याची मुभाही बंद, अशी रचना ठेवावी. हा शेवटचा पर्याय विसरला, तर नव्या सिमची रेंज गेल्यावर फोन गुपचूप घरच्या सिमकडे वळतो. घरच्या कंपनीने वाय-फाय कॉलिंगची सोय दिली असेल तर तीही निघण्यापूर्वीच चालू करावी, कारण रेंज नसलेल्या घरात वाय-फायवरून आपला नेहमीचा नंबर चालू राहणे ही मोठी सोय आहे.

स्थानिक सिमसाठी बऱ्याच देशांत पारपत्र दाखवून नोंदणी करावी लागते. काही देशांत फोनचीही नोंद लागते. तुर्कीमध्ये बाहेरून आणलेला फोन स्थानिक सिमसह १२० दिवसांहून अधिक चालत नाही आणि पुढे तो चालवायचा असेल तर शुल्क भरून नोंदवावा लागतो. योजना निवडताना "अमर्याद" या शब्दाखालचा बारीक मजकूर वाचावा. ठरावीक डेटा संपल्यावर वेग किती उरतो आणि हॉटस्पॉटसाठी वेगळी मर्यादा आहे का, ही दोन उत्तरे त्यात शोधायची असतात. वेग ६४ किलोबिटवर आणणारी योजना तासाभरात जेमतेम २९ एमबी देते आणि १ एमबीचे छायाचित्र पाठवायला दोन मिनिटे घेते. १ मेगाबिटवर आणणारी योजना मात्र महिनाभर निभावून नेते. तिला मी मनापासून अमर्याद म्हणेन. दुसऱ्यांच्या टॉवरवर चालणाऱ्या छोट्या कंपन्यांचे दर आकर्षक असतात, परंतु टॉवरवर गर्दी झाली की अनेकदा त्यांच्या ग्राहकांना मागे ठेवले जाते, हे गर्दीच्या शहरात जाणवते आणि ओसाड भागात फारसे जाणवत नाही.

जहाजावर आणि विमानात मात्र फोन विमान-अवस्थेत ठेवणे हाच एकमेव स्वस्त उपाय आहे. तिथे दिसणारी मोबाइल रेंज उपग्रहावरून आलेली असते, नेहमीच्या रोमिंग पॅकमध्ये ती बहुधा धरलेली नसते आणि फोनच्या पार्श्वभूमीवरील कामांमुळेही जबर बिल येऊ शकते. सीमेलगतच्या गावांत फोन पलीकडच्या देशाचा टॉवर पकडतो, तिथे जाळे आपल्या हाताने निवडून ठेवावे.

फुकट वाय-फाय कुठे आणि किती भरवशाचे

सार्वजनिक ग्रंथालय हे बाहेर बसून काम करण्याचे सर्वांत दुर्लक्षित ठिकाण आहे. शांतता, टेबल, विजेची सोय आणि बऱ्याच ठिकाणी विनाशुल्क वाय-फाय, एवढे सगळे एका छताखाली क्वचितच मिळते. विद्यार्थी, प्राध्यापक किंवा संशोधक असाल तर एज्युरोमचा लाभ घ्यावा. ही सोय शंभरहून अधिक देशांतील विद्यापीठांत चालते आणि आपल्या संस्थेचे खाते एकदा फोनमध्ये बसवले की परक्या विद्यापीठाच्या आवारातही फोन आपोआप जोडला जातो. काही प्रदेशांत नागरिकांनी स्वतः उभारलेली जाळी आहेत. जर्मनीतील फ्रायफुंकची वाय-फाय जोडणी कोणालाही पासवर्डशिवाय वापरता येते आणि कॅटलोनियातील गुइफी.नेटने जिथे मोठ्या कंपन्या पोहोचल्या नव्हत्या अशा गावांतही जोडणी नेली.

अशा वाय-फायला जोडल्यावर पुष्कळदा नोंदणीचे पान उघडायला हवे, पण ते उघडत नाही. त्या वेळी सांकेतिक संरक्षण नसलेले एखादे साधे संकेतस्थळ मुद्दाम उघडावे, नेव्हरएसएसएल डॉट कॉम हे स्थळ याच कामासाठी आहे. तरीही पान आले नाही तर व्हीपीएन (आपला डेटा झाकून दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सोय) आणि खासगी डीएनएस (संकेतस्थळांचे पत्ते शोधून देणारी फोनमधील सोय) क्षणभर बंद करून पाहावेत.

सुरक्षेबाबत भीती आणि बेफिकिरी दोन्ही अकारण असतात. आज बहुतेक संकेतस्थळे एचटीटीपीएसवर, म्हणजे सांकेतिक संरक्षणासह चालतात, त्यामुळे शेजारी बसलेल्याला आपला पासवर्ड वाचता येत नाही, फार तर आपण कोणत्या स्थळावर आहोत हे कळू शकते. खरा धोका दोन ठिकाणी असतो. पहिला, खऱ्या जाळ्याचेच नाव धारण केलेल्या बनावट जाळ्यात, म्हणून नाव कर्मचाऱ्याकडून विचारून घ्यावे. दुसरा, संकेतस्थळाचे प्रमाणपत्र सदोष असल्याचा इशारा ब्राउझर देत असताना "तरीही पुढे जा" म्हणण्यात. असा इशारा दिसला की तिथेच थांबावे आणि मोबाइल डेटाकडे वळावे. बँकेचे काम मी नेहमीच मोबाइल डेटावर करतो, त्याला लागतोच किती डेटा. व्हीपीएन उपयोगी आहे, परंतु काही देशांत त्याच्या वापरावर निर्बंध आहेत. ते जाण्यापूर्वी तपासावेत.

रेंज कमी असेल तेव्हा

दूरच्या मुक्कामात खरे पैसे इथे वाचतात किंवा वाया जातात. रेंज कमी आहे म्हणताच माणसे सिग्नल वाढवणारा बूस्टर शोधू लागतात आणि जिथे फोन खिडकीत ठेवून भागले असते तिथे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला होतो. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे.

पहिली पायरी म्हणजे मोजणी. फोनवरच्या काड्यांवर विसंबू नये, कारण किती सिग्नलला किती काड्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या मर्जीने ठरवते. अँड्रॉइडमध्ये सेटिंगमधील सिमच्या स्थितीच्या पानावर सिग्नलची ताकद डीबीएम या एककात दिसते आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केल्यावर चाचणीचे पान उघडते. हा आकडा उणे असतो, म्हणून तो शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. ४जीसाठी उणे ८० च्या आसपास उत्तम, उणे १०० पर्यंत कामचलाऊ आणि उणे ११० च्या खाली कठीण, असे ढोबळपणे धरावे. दर ३ डीबीला सिग्नलची शक्ती दुप्पट किंवा निम्मी होते, त्यामुळे दहा डीबीची सुधारणा म्हणजे दहापट शक्ती. या पानावर सिग्नल आणि गोंगाटाचे गुणोत्तरही दिसत असेल तर त्याकडे अधिक लक्ष द्यावे. २० च्या वर ते उत्तम असते आणि शून्याच्या खाली गेले की ताकद असूनही वेग मिळत नाही.

दुसरी पायरी जागा बदलण्याची. फोन हातात धरून घरभर फिरावे, प्रत्येक खिडकीत अर्धा मिनिट थांबावे, आकडा लिहावा, मग माडीवर किंवा गच्चीवर तेच करावे. काही नव्या खिडक्यांच्या काचांवर उष्णता अडवणारा धातूचा सूक्ष्म थर असतो आणि तो रेंजही अडवतो, अशा ठिकाणी खिडकी उघडताच आकडा सुधारतो. जी जागा सर्वांत चांगली ठरेल तिथे फोन ठेवून द्यावा आणि संगणक आपल्या सोयीच्या जागी ठेवून हॉटस्पॉटने जोडावा. टॉवरशी बोलायचे आहे ते फोनला, संगणकाला केवळ फोनशी बोलायचे आहे. हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर ठेवला तर तो भिंतीपलीकडे पोहोचतो, ५ गिगाहर्ट्झवर जवळच्या जवळ अधिक वेग देतो. फोन टेबलाजवळच असेल तर यूएसबी केबलने जोडणे सर्वांत बरे, कारण जोडणी स्थिर राहते आणि फोनची बॅटरीही भरत राहते.

तिसरी पायरी सिम बदलण्याची. दुसऱ्या कंपनीचे एक साधे सिम हे कोणत्याही अँटेनापेक्षा स्वस्त असते, म्हणून शेजाऱ्यांच्या फोनवर कोणत्या कंपनीचा आकडा चांगला येतो हे पाहून मगच उपकरणांकडे वळावे.

यानंतरही भागले नाही, तर बाहेरच्या अँटेनाची सोय असलेला ४जी किंवा ५जी राउटर घ्यावा. घरापासून टॉवर कोणत्या दिशेला आहे हे ठाऊक असेल तर त्या दिशेला रोखलेला दिशादर्शी अँटेना छपरावर लावावा. तो जोडीचा, म्हणजे दोन केबलचा असावा, कारण ४जी राउटर साधारणपणे एकाच वेळी दोन प्रवाह पकडतात. अँटेनापासून राउटरपर्यंतची केबल जितकी लांब तितका सिग्नल तिच्यातच मुरतो. म्हणून राउटर छपराजवळ बसवावा आणि तिथून खाली नेटवर्कची साधी केबल आणावी, तिच्यात १०० मीटरपर्यंत डेटाचे नुकसान होत नाही. हेच तत्त्व वाय-फाय वाढवणाऱ्या रिपीटरलाही लागू पडते. रेंज मेलेल्या खोलीत रिपीटर ठेवून उपयोग नाही, आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. तो राउटर आणि ती खोली यांच्या मध्यावर, जिथे रेंज अजून चांगली आहे तिथे ठेवावा. मोबाइल सिग्नल वाढवणारे बूस्टर मात्र अनेक देशांत परवानगीशिवाय वापरता येत नाहीत आणि चुकीचे यंत्र आसपासच्या सगळ्यांची रेंज बिघडवते, त्यामुळे तो मार्ग शेवटचा.

जिथे टॉवरच नाही

अशा ठिकाणी उपग्रहावरून येणारे इंटरनेट उरते. जुन्या पद्धतीचे उपग्रह पृथ्वीपासून ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतात. एवढ्या अंतरामुळे प्रत्येक प्रतिसादाला अर्ध्या सेकंदाहून अधिक काळ लागतो. त्यावर ईमेल चालते, संभाषण रखडते. स्टारलिंक या नव्या उपग्रह सेवेचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवर असल्याने हा विलंब बराच कमी होतो आणि बैठका नीट चालतात. परवडते का, याचे उत्तर माणसांच्या संख्येवर अवलंबून आहे. एकट्यासाठी हा मार्ग क्वचितच स्वस्त असतो, चार जणांत वाटून घेतला तर हिशेब बदलतो. दोन गोष्टी आधी पाहाव्यात. त्या देशात सेवेला परवानगी आहे का, ही पहिली. आकाश मोकळे आहे का, ही दुसरी. झाडाची एक फांदी आड आली तरी जोडणी काही काही सेकंद तुटत राहते, म्हणून तबकडी (उपग्रहाचा सिग्नल पकडणारा अँटेना) विकत घेण्यापूर्वी स्टारलिंकच्या ॲपमधून अडथळ्यांची तपासणी करून घ्यावी. सौरऊर्जेवर राहणाऱ्यांनी विजेचाही विचार करावा. छोटी मिनी तबकडी साधारण २५ ते ४० वॅट घेते, म्हणजे दिवसात आठ तास चालवली तर २०० ते ३२० वॅट-तास. रात्री ती बंद ठेवणे हीच मोठी बचत.

निव्वळ सुरक्षिततेसाठी संपर्क हवा असेल तर उपग्रहावरून छोटे संदेश पाठवणारे उपकरण पुरते. मात्र भारतासह काही देशांत उपग्रह फोन किंवा असे उपकरण विनापरवाना बाळगणे गुन्हा ठरू शकते. सामानात ते टाकण्यापूर्वी हे नक्की तपासावे.

डेटा वाचवण्याच्या काही खुबी

हॉटस्पॉटला जोडल्यावर संगणकाला अनेकदा ते कळत नाही, तो घरच्या वाय-फायसारखाच मोकळेपणाने वागतो आणि एका रात्रीत मोठे अपडेट उतरवून घेतो. विंडोजमध्ये त्या जोडणीला मीटर्ड (मोजून मिळणाऱ्या डेटाची) म्हणून खूण करावी, आयफोन व मॅकवर कमी डेटाची अवस्था आणि अँड्रॉइडवर डेटा सेव्हर चालू करावा. छायाचित्रांचा आपोआप होणारा साठा आणि क्लाउडवरच्या फोल्डरची जुळवणी केवळ वाय-फायवर ठेवावी, पण हॉटस्पॉटही वाय-फायच असतो हे विसरू नये. नकाशे ऑरगॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँड यांवर आणि विकिपीडिया किविक्सवर आधीच उतरवून घेता येतो. वेगचाचणीही जपून करावी. १०० मेगाबिटच्या जोडणीवर दहा सेकंदांची चाचणी एका दिशेलाच १२५ एमबी खाते, दिवसातून चार वेळा चाचणी करणारा माणूस अर्धा जीबी निव्वळ कुतूहलावर घालवतो.

मुक्काम हलवताना

निघण्याच्या आदल्या दिवशी प्रवासी ई-सिमचे आपोआप नूतनीकरण बंद करावे आणि उपग्रह सेवा महिन्यापुरती थांबवता येत असेल तर थांबवावी. बँक खाती, ईमेल किंवा संदेशाचे ॲप यांपैकी कशालाही स्थानिक नंबर जोडलेला असेल तर तो आधी बदलून मगच ते सिम सोडावे, कारण सोडलेले नंबर कालांतराने दुसऱ्याला दिले जातात आणि आपले ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. फोनमधील उघड्या वाय-फाय जाळ्यांची नावे पुसून टाकावीत, म्हणजे तेच नाव धारण केलेल्या परक्या जाळ्याला फोन आपोआप जोडला जाणार नाही. पुढच्या ठिकाणचे ई-सिम बसवणे आणि नकाशा उतरवून घेणे ही दोन कामे मात्र चालू जोडणी सुटण्यापूर्वीच, इथे बसूनच करावीत.